तुसाचा ताळेबंद

भाताच्या गिरणीतला बॉयलर नीट चालतो आहे की नाही, हे पाहायचं तर आधी राखेकडे जावं. काटे आणि कागद नंतर. भाताच्या तुसात सिलिका इतकी असते की ते जळून गेलं तरी सालपटाचा आकार मोडत नाही. फरक पडतो तो रंगात. पूर्ण जळलेल्या तुसाची राख करडी, पांढुरकी निघते. काळी राख म्हणजे न जळलेला कोळसा, म्हणजे भट्टीत घालून परत बाहेर काढलेलं इंधन. ओरत्तनाडूजवळच्या एका गिरणीमागचा ढीग काळाभोर होता. पावसानं वरचा थर काळा पडला असेल म्हणून भट्टी सांभाळणाऱ्या फायरमननं फावड्यानं आत खणून दाखवलं. आतही तेच. बोटांना लागलेली काजळी धुताना सहज निघाली नाही.

मालकांनी, म्हणजे तिथल्या भाषेत मुदलाळींनी, मला बोलावलं होतं ते नवा बॉयलर घ्यावा का हे विचारायला. सोबत तंजावरचे एक मराठी गृहस्थ होते, सात-आठ पिढ्या तिथे राहिलेल्या घरातले. फायरमनशी ते तमिळमध्ये बोलत, माझ्याशी त्यांच्या जुन्या वळणाच्या मराठीत. तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्यानं दक्षिणेला निघालं की ओरत्तनाडू लागतं. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०२ साली बांधलेलं मुक्तांबाळ छत्रम इथलंच. रामेश्वराकडे जाणाऱ्या यात्रेकरूंना तिथे आसरा आणि जेवण मिळे, मुलांसाठी शाळाही होती. शिजलेल्या तांदळाशी या गावाचा संबंध असा जुना आहे. शेतं मात्र त्या मानानं नवी. १९३४ साली मेट्टूरचं धरण झालं, कल्लणै बंधाऱ्यापासून नवा कालवा निघाला आणि हा कोरडा पट्टा भाताखाली आला. भात आलं, मागोमाग गिरण्या आल्या.

आणि गिरण्या आल्या त्या उकड्या तांदळाच्या. कोकणात, गोव्यात घरोघरी हंड्यात साळी उकडून सुकवत, तेच काम इथे टनांच्या मापानं चालतं. रीत तीच: भात भिजवायचं, वाफवायचं, सुकवायचं आणि मग भरडायचं. पूर्वी थंड पाण्याच्या हौदात भात दोन-तीन दिवस पडून राही, आंबे, आणि तांदळाला वास येई. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं गरम पाण्यात भिजवण्याची पद्धत बसवली. पाणी सत्तर अंशांच्या आसपास ठेवलं की तीन-चार तासांत काम होतं आणि वास येत नाही. कुरुवै हंगामाचं भात ऐन पावसात कापणीला येतं, ओलं भात कुजतं, ही इथली जुनी अडचण. त्यातूनच १९६७मध्ये या भागात भात प्रक्रिया संशोधन केंद्र निघालं; आज ते निफ्टेम-तंजावर म्हणून ओळखलं जातं. पण या सुधारणांची दुसरी बाजू अशी की जे काम पूर्वी वेळ आणि ऊन करत होतं, ते आता बॉयलर करतो. वेळ वाचला, आणि तूस लागू लागलं.

किती लागतं, याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. एक टन भातातून साधारण दोनशे किलो तूस निघतं. किलोला तीन हजार किलोकॅलरी धरली तर हाती सहा लाख किलोकॅलरी आल्या. आता खर्च. भिजवायला सव्वा टनाच्या आसपास पाणी तापवायचं, त्यात भातही तापतं: सत्तर हजार. वाफवायला तीस-चाळीस हजार. खरा खर्च सुकवणीचा. वाफवलेल्या भातात तीस टक्क्यांहून जास्त ओल असते, ती चौदावर आणायची म्हणजे टनामागे अडीचशे-तीनशे किलो पाणी उडवायचं. त्याला निव्वळ दीड-पावणेदोन लाख, आणि ड्रायरमधली बरीचशी गरम हवा काम न करताच निघून जाते, म्हणून प्रत्यक्षात तीन लाखांच्या घरात. बेरीज चार लाखांच्या आसपास. बॉयलर तुसातली पासष्ट टक्के उष्णता वाफेत उतरवत असेल तर सहा लाखांतले तीन लाख नव्वद हजार मिळाले. म्हणजे भाताचं तूस भातालाच जेमतेम पुरतं. पासष्टचे साठ झाले की लाकूड विकत आणावं लागतं. पंचाहत्तर झाले की टनामागे पंचवीस-सत्तावीस किलो तूस उरतं. रोज पन्नास टन भात काढणाऱ्या गिरणीत ते सव्वा टनाच्या पुढे जातं. मुदलाळींना नव्या बॉयलरमधून हवं होतं ते हेच.

त्यांचा जुना बॉयलर फायर-ट्यूब जातीचा. आपल्याकडच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो समजवावा लागत नाही: मधून जाळ, भोवती पाणी, वर धुराडं. इथे मधल्या एका नळीच्या जागी बऱ्याच नळ्या असतात आणि धूर त्यांतून फेऱ्या मारून चिमणीकडे जातो. तूस जळतं ते बाहेरच्या विटांच्या भट्टीत, पायऱ्यापायऱ्यांच्या जाळीवर. वरून तूस घसरत येतं, खालच्या पायरीपर्यंत पोचेतो त्याची राख व्हावी, अशी रचना.

ती का होत नव्हती, ते भट्टीसमोर उभं राहिल्यावर कळलं. फायरमन एका दमात भरपूर तूस लोटायचा आणि मग बसायचा. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. तोच पाण्याची पातळी बघत होता, तोच राख ओढत होता, तोच ड्रायरच्या हाकेला ओ देत होता. पण ढीग पडला की जाळ दबायचा, चिमणीतून काळा धूर निघायचा. थोड्या वेळानं मधलं तूस जळून जाळी उघडी पडायची आणि तिथून गार हवा सरळ आत शिरायची. तुसाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग तापल्यावर वायू होऊन निघतो आणि जाळीच्या वर जळतो. त्याला हवा वरून हवी. वरच्या हवेची भोकं राखेनं बुजली होती, आणि खालून हवा गरजेपेक्षा कितीतरी जास्त येत होती.

चिमणीच्या बुडाशी धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरची नळी घातली. ऑक्सिजन तेरा टक्के. बाहेरच्या हवेत असतो एकवीस. याचा अर्थ जाळायला लागते त्याच्या अडीच पटींहून जास्त हवा भट्टीतून जात होती, आणि ती सगळी फुकट तापून चिमणीवाटे निघत होती. धुराचं तापमान अडीचशेच्या वर. धूर वीस-बावीस अंशांनी थंड करून सोडला की कार्यक्षमता एक टक्क्यानं वाढते, हा या धंद्यातला नेहमीचा ठोकताळा. नळ्यांत साचलेली काजळी उष्णता पाण्याकडे जाऊ देत नाही, म्हणून धूर तापलेलाच बाहेर पडतो. पाण्याच्या बाजूनं क्षार बसले तर आणखी वाईट: मिलिमीटरभर थरानं इंधन पाच ते आठ टक्के जास्त जातं. इथलं पाणी बोअरचं. ते मृदू करायचं यंत्र कोपऱ्यात होतं, पण त्यात मीठ कधी टाकलं होतं ते कुणालाच आठवेना.

“अण्णे, थोडं थोडं टाकून बघू या,” असं आमच्या गृहस्थांनी फायरमनला सांगितलं. वरची भोकं सळईनं मोकळी केली, धूर ओढणाऱ्या पंख्याचा डँपर, म्हणजे हवेची झडप, थोडा लोटला. पुन्हा लोटला. तूस पातळ आणि सारखं पसरत गेलं, जाळ लालसरचा पिवळा झाला, मीटर नऊवर आला. धूर जवळजवळ दिसेनासा झाला. दाब मात्र जागचा हलला नाही. फायरमनला भीती होती ती दाब पडण्याचीच. हवा कमी केली की वाफ पडेल, असं त्याला वाटत होतं. डँपर एकदा उघडा ठेवला की कुणी हात लावत नाही, याचं कारण हे. वाफ कमी पडली तर शिव्या खाव्या लागतात, तूस जास्त गेलं तर कुणी विचारत नाही. एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. राख पांढरी करण्याच्या नादात भट्टी फार तापवली तर सिलिका स्फटिकरूप होते, आणि ती धूळ फुप्फुसांना घातक. राख ओढणाऱ्याच्या नाकावर फडका होता, मास्क नव्हता.

बॉयलरपाशी एवढं सापडलं, पण मोठी गळती दुसरीकडे होती. ड्रायरच्या शेडमागच्या गटारातून वाफा निघत होत्या. भिजवायच्या टाक्यांत वाफ सरळ पाण्यात सोडतात, ती परत मिळत नाही. ड्रायरची गोष्ट वेगळी: तिथे वाफ बंद नळ्यांतून फिरते, बाहेरची हवा तापवते आणि स्वतः पाणी होऊन खाली येते. हे पाणी जवळजवळ शुद्ध, क्षारांशिवायचं, आणि हात लावता येणार नाही इतकं गरम. ते गटारात जात होतं. पलीकडे बॉयलरच्या टाकीत बोअरचं तीस अंशांचं पाणी येत होतं. बॉयलरला जाणारं पाणी सहा अंशांनी गरम असलं की इंधन एक टक्का वाचतं. ड्रायरचं पाणी टाकीत परत आणून ती ऐंशी अंशांवर ठेवली तर आठ टक्के. वर बोअरचं पाणी कमी लागणार, म्हणजे नळ्यांत क्षारही कमी. या सगळ्याला लागतो एक पाइप, एक छोटा पंप आणि टाकीवर झाकण. वाटेतला वाफेचा पाइप वीस-बावीस पावलं उघडा होता, त्यावर कुणाचा तरी शर्ट वाळत घातलेला. एका व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून वाफ शिट्टी घालत होती. सात किलो दाबावर तीन मिलिमीटरच्या भोकातून तासाला पंचवीस-तीस किलो वाफ जाते. तेवढी करायला नऊ-दहा किलो तूस लागतं. ती शिट्टी सगळ्यांच्या कानांना सवयीची झाली होती.

हे दुर्लक्ष आळसातून आलेलं नाही. तूस फार वर्षं कचरा होता. गिरणीमागे डोंगर साठायचा, तो हटवायलाच पैसे पडत. अशा वेळी जो बॉयलर जास्त तूस खाईल तो चांगला. भट्ट्या तशाच बांधल्या गेल्या, फायरमन तसेच तयार झाले. पुढे वीटभट्टीवाले तूस मागू लागले, कोंड्याचं तेल काढणारे कारखाने आणि तुसावर वीज करणारे प्रकल्प आले, आणि कचऱ्याला भाव आला. गिरणीची सवय मात्र कचऱ्याच्या काळातलीच राहिली. कायद्याचं लक्षही दुसरीकडे. १९२३ सालचा बॉयलर कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०२५चा, दोन्ही सुरक्षिततेसाठी. बॉयलर फुटू नये, तपासणी वेळेवर व्हावी, प्रमाणपत्र असलेला माणूस समोर असावा, हे ते पाहतात, आणि ते योग्यच. तूस किती जळलं हे ते विचारत नाहीत. २००१चा ऊर्जा संवर्धन कायदा ते विचारतो, पण मोठ्या कारखान्यांना. एवढ्याशा गिरणीला त्याची सक्ती नाही. त्यामुळे फायरमनच्या नोंदवहीत तासातासाला दाब होता, पाण्याची पातळी होती. तुसाचा रकाना छापलेलाच नव्हता.

मुदलाळींसमोर यादी ठेवली ती खर्चाच्या क्रमानं. डँपर आणि तूस टाकण्याची पद्धत: खर्च नाही. नळ्यांची सफाई, मृदूकरण यंत्रात मीठ, ग्लँडचं पॅकिंग: किरकोळ. मग ड्रायरचं पाणी परत आणणं आणि पाइपांवर खनिज लोकरीचं वेष्टण. त्यानंतर धुराच्या वाटेवर इकॉनॉमायझर, म्हणजे जाणाऱ्या धुरानं येणारं पाणी तापवणं. नवा बॉयलर सगळ्यांत शेवटी. त्याला विरोध नाही. पुण्यातल्या थरमॅक्ससारख्या कंपन्यांचे तुसावर चालणारे फ्लुइडाइज्ड बेडचे बॉयलर वाळूच्या उकळत्या थरात तूस जाळतात आणि पायऱ्यांच्या जाळीपेक्षा पुष्कळ चांगलं जाळतात. पण तो आणून गरम पाणी गटारातच सोडायचं असेल, तर वाचलेलं तूस त्याच गटारातून जाणार.

त्यांनी यादी वाचली आणि धंद्याचा प्रश्न विचारला: यातून नक्की किती वाचेल? अंदाज देता येत होता, आकडा नाही. कारण गिरणीत येणाऱ्या भाताचं वजन होत होतं, जाणाऱ्या तांदळाचं होत होतं, कोंड्याचं तर किलोकिलोनं. तूस भरडणीच्या यंत्रातून पंख्यानं उडून थेट ढिगावर पडे आणि तिथून भट्टीत जाई. आज जातं किती हेच माहीत नसेल, तर उद्या वाचलं किती हे कसं सांगणार? विचार करून त्यांनी कोंड्याच्या गोदामातला काटा दिवसपाळीपुरता भट्टीपाशी हलवायला सांगितलं, आणि कारकुनाला नोंदवहीत हातानं एक रकाना आखायला. बॉयलरच्या कोटेशनचे कागद टेबलावरच होते. महिनाभराचे आकडे आल्यावर ते उघडू, असं ठरलं. माझ्या मते तोपर्यंत ते उघडायची गरजही कमी झालेली असेल.