लॅप स्टील गिटार : स्वराची 'आस' टिकविणारा अ‍ॅम्प्लिफायर कसा निवडावा?

मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजविली जाणारी लॅप स्टील गिटार आपल्याकडे हवाईयन गिटार या नावाने परिचित आहे. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या ध्वनिमुद्रिकांनी हिंदी चित्रपटगीतांच्या धून या वाद्यावर घरोघरी पोहोचविल्या. तो गोड, गळ्यातून निघाल्यासारखा स्वर कानात साठवून अनेक हौशी वादक हे वाद्य विकत घेतात किंवा घरातील जुने वाद्य माळ्यावरून खाली काढतात. सोबत दुकानात जो लहानसा अ‍ॅम्प्लिफायर मिळेल तो आणला जातो. प्रत्यक्षात मात्र आवाज चिरका आणि कोरडा येतो. दोष वाद्याला किंवा स्वतःच्या हाताला दिला जातो आणि गिटार पुन्हा माळ्यावर जाते. बऱ्याचदा चूक अ‍ॅम्प्लिफायरच्या निवडीत असते.

जोडीनेच जन्मलेले वाद्य

या वादनपद्धतीचे जनकत्व हवाई बेटांवरील जोसेफ केकुकू यांच्याकडे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी तारांवर धातूचा तुकडा सरकवून वाजविण्याची पद्धत रूढ केली, असे मानले जाते. व्यापारी यश मिळविणारी जगातील पहिली इलेक्ट्रिक गिटार हीदेखील लॅप स्टीलच होती. जॉर्ज बोशाँ यांनी आराखडा केलेली, तळण्याच्या तव्यासारखी दिसणारी ही रिकनबॅकर गिटार १९३२ मध्ये बाजारात आली. पुढे लिओ फेंडर यांनीही लॅप स्टील आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर असे संच विकले. त्यांचा प्रसिद्ध 'चँप' हा अ‍ॅम्प्लिफायर अशाच विद्यार्थी-संचांतून पुढे आला. थोडक्यात, या वाद्याच्या बाबतीत अ‍ॅम्प्लिफायर ही नंतर जोडायची वस्तू नसून तो वाद्याचाच अर्धा भाग आहे.

स्वच्छ आवाज का हवा?

लॅप स्टीलवर पडद्यांचा आधार नसतो. स्वर कांडीच्या जागेवरून ठरतो आणि मींड हा तिचा प्राण आहे. छेडलेला स्वर दीर्घकाळ रेंगाळला, म्हणजेच संगीताच्या भाषेत त्याची 'आस' टिकली, तरच मींड फुलते. बाजारातील बहुतेक छोटे अ‍ॅम्प्लिफायर रॉक संगीतासाठी बनविलेले असतात आणि थोडा आवाज वाढविताच त्यांचा स्वर फाटू लागतो. आडव्या धरलेल्या गिटारवर हे विशेष खटकते. एकाच वेळी दोन-तीन तारा छेडल्या आणि कांडी तसूभर वाकडी असली, तर फाटलेल्या आवाजात तो बेसूरपणा कितीतरी पटींनी वाढून ऐकू येतो. म्हणूनच जास्तीत जास्त आवाजातही स्वच्छ राहणारा अ‍ॅम्प्लिफायर ही पहिली अट ठरते.

वॅटच्या आकड्याने मात्र भुलून जाऊ नये. वॅट दुप्पट झाल्याने आवाज दुप्पट होत नाही. वाढ केवळ तीन डेसिबलची असते. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. जास्त वॅटचा खरा फायदा स्वच्छतेसाठी हाताशी राहणाऱ्या राखीव शक्तीचा असतो. घरातील सरावासाठी व्हॉल्व्हचा पाच वॅटचा अ‍ॅम्प्लिफायरही पुरतो. तबला आणि कीबोर्डच्या साथीला मात्र व्हॉल्व्हचे किमान वीस ते चाळीस वॅट, तर ट्रान्झिस्टरचे त्याहून बरेच अधिक वॅट असणे सोयीचे.

स्पीकरचा आकारही तितकाच महत्त्वाचा. सहा-आठ इंची स्पीकरमध्ये तारसप्तक टोचते आणि खर्ज हरवतो. बारा इंची स्पीकर दोन्हींचा तोल राखतो. फेंडरच्या डिलक्स रिव्हर्बमध्ये २२ वॅट आणि एक बारा इंची, तर ट्विन रिव्हर्बमध्ये ८५ वॅट आणि दोन बारा इंची स्पीकर असतात. ट्रान्झिस्टरवर चालणारा रोलंडचा जॅझ कोरस १९७५ पासून स्वच्छ आवाजासाठीच ओळखला जातो. पेडल स्टील वादकांसाठी बनलेला पीव्हीचा 'नॅशव्हिल ४००' जुन्या बाजारात चांगल्या स्थितीत मिळाल्यास उत्तम. त्यात पंधरा इंची स्पीकर असतो. कीबोर्डचे अ‍ॅम्प्लिफायरही स्वच्छ असतात, पण त्यांतील ट्वीटरमुळे तारांवर कांडी घासल्याचा खरखराट स्पष्ट ऐकू येतो.

ऑर्केस्ट्रात गिटारची केबल थेट मिक्सरला जोडण्याची सवय सर्रास दिसते. त्यामुळे पिकअपवर भार पडून आवाज मंद आणि निर्जीव होतो. मध्ये चांगला डीआय बॉक्स ठेवणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

लहान वस्तू, मोठा फरक

कांडी : सहा तारांच्या वाद्यासाठी दीडशे ते दोनशे ग्रॅम वजनाची कांडी योग्य. जड कांडीने आस वाढते, हलकीने वेग साधतो. खाचा असलेली कांडी नवशिक्याच्या पकडीस सोपी जाते. गोल टोकाच्या कांडीने मींड अधिक मोकळी होते. कांडीवर ओरखडा पडला असेल, तर तो प्रत्येक स्वरात ऐकू येतो.

नख्या : अंगठ्याला प्लॅस्टिकची आणि दोन बोटांना धातूची नखी हा रूढ संच आहे. बोट आवळणारी नखी तासाभरात हात दुखविते. त्यामुळे बोटांत घालून पाहिल्याशिवाय ती घेऊ नये.

तारा : येथे सर्वाधिक चुका होतात. 'सी सिक्स्थ' जुळणीत सर्वांत जाड तार साध्या गिटारपेक्षा आठ श्रुतिपट्ट्या, म्हणजे आठ अर्धस्वर वर चढवावी लागते. साध्या गिटारचा संच लावून असे केल्यास तारा तुटतात किंवा घोडीवर धोकादायक ताण येतो. त्यासाठी त्या जुळणीचाच संच घ्यावा. 'ओपन डी' जुळणीत एकही तार वर चढवावी लागत नसल्याने साधा संच चालतो.

व्हॉल्यूम पेडल : मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणि पेडल यांत एकाचीच निवड करायची झाल्यास पेडलचा विचार आधी करावा. तार छेडल्यानंतर विरत जाणारा स्वर पायाने हळूहळू उचलून धरला की त्याची आस लांबते. साध्या पिकअपसाठी २५० किंवा ५०० किलोओहमचे पेडल लागते. २५ किलोओहमचे पेडल बॅटरीवरील पिकअपसाठी असते. ते चुकून साध्या पिकअपला जोडल्यास आवाज दबून जातो. रिव्हर्ब आणि डिले चिमटीनेच वापरावेत. त्यांच्या आड सूर झाकला जातो, सुधारत नाही.

विजेशी खेळ नको

अमेरिकेतील नातेवाइकांकडून अ‍ॅम्प्लिफायर मागविण्याची पद्धत आहे. तिकडील वीज १२० व्होल्ट, आपली २३०. असे उपकरण थेट लावल्यास फ्यूज उडतो, प्रसंगी आतील ट्रान्सफॉर्मर जळतो. मागील पट्टीवर लिहिलेल्या वीजवापरापेक्षा अधिक क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर वापरणे अनिवार्य आहे. गुणगुण थांबविण्यासाठी अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा 'उपाय' जीवघेणा ठरू शकतो, कारण वादकाचा हात सतत धातूच्या कांडीवर आणि तारांवर असतो. गुणगुण येत असल्यास ट्यूबलाइटचा चोक आणि इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर यांपासून दूर बसावे, बसण्याची दिशा बदलून पाहावी. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बंद केल्यावरही आत घातक दाब साठून राहतो. तो घरी उघडू नये.

खरेदीपूर्वीची परीक्षा

दुकानात जाताना स्वतःचे वाद्य, कांडी आणि केबल सोबत न्यावी. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज कार्यक्रमात लागेल तितका वाढवून बाराव्या पडद्याच्या खुणेवर पातळ तार छेडावी आणि स्वर विरेपर्यंत ऐकावे. मग तीन तारा एकत्र वाजवाव्यात. पहिला स्वर टोचला नाही आणि दुसरा फाटला नाही, तर निवड योग्य आहे. शेवटी गिटारचा आवाज शून्यावर आणून दहा मिनिटे नुसतीच गुणगुण ऐकावी. एवढ्या पंधरा मिनिटांच्या परीक्षेने पैसे तर वाचतीलच. पण माळ्यावर परत जाऊ पाहणारे एखादे वाद्य मांडीवरच राहील.