समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना

मनाचं दुखणं सांगायला मराठीत शब्दांची कमतरता नाही. जीव घाबरतो, काळजात धस्स होतं, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. आपल्या शहरातली दखनी बोलणारी एखादी आई ‘जी घबरारा’ म्हणते. दुखणं मनाचं, पण सांगायचं शरीराच्या नावानं. मग फॅमिली डॉक्टर होतात, ईसीजी होतो, रक्त तपासलं जातं. तपासण्या करूच नयेत असं नाही. थायरॉइडच्या बिघाडानंही मन खचतं. पण सगळे रिपोर्ट चांगले आले आणि तरीही झोप येत नसेल, तर पुढं कुठं जायचं?

इथंच बहुतेकांचं पाऊल अडतं. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. चिंता, नैराश्य यांसारखे नेहमी आढळणारे विकार असलेल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळतच नव्हते. कारणं अनेक आहेत. डॉक्टर कमी, पैसा कमी. पण घाटी रुग्णालयात मानसोपचार विभागाच्या रांगेत कुणी ओळखीचं भेटलं तर काय, ही भीतीही त्यात आहेच. आणि आत गेल्यावर नेमकं काय होतं, हे कुणी सांगितलेलं नसतं.

आधी कोण काय करतं ते पाहू. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, ते औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि बोलण्यातून उपचार करतात. समुपदेशकही बोलण्यातूनच मदत करतात. हे दोघं गोळ्या लिहून देत नाहीत. कुणाला नुसतं बोलणं पुरतं, कुणाला औषध लागतं, कुणाला दोन्ही. समुपदेशकाकडे जाताना त्याचं शिक्षण आणि फी आधी विचारायला अजिबात संकोच करू नये.

पहिली भेट साधारण पाऊण तासाची असते. कोच नसतो, संमोहन नसतं. दोन खुर्च्या असतात. काय त्रास आहे, कधीपासून आहे, झोप कशी, भूक कशी, घरात कोण कोण, आधीची आजारपणं, चालू औषधं, व्यसन, असं विचारलं जातं. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असंही विचारतील. दचकू नका. असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट असेल तर बाहेर येतो, आणि माणूस वाचवता येतो.

आपल्याकडे पेशंटबरोबर सगळं घर जातं. नवरा बोलतो, सासू बोलते आणि जिचं दुखणं आहे ती सून खाली मान घालून बसते. म्हणून समुपदेशक थोडा वेळ तिच्याशी एकटीशी बोलतात. घरच्यांनी यात अपमान मानू नये. तिथं बोललेलं तिथंच राहतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल, अशा मोजक्या वेळीच ती बाजूला ठेवली जाते.

मोठी गैरसमजूत म्हणजे, समुपदेशक सल्ला देतो. भाऊबंदकीत कोण बरोबर, नोकरी सोडू की नको, याचा निवाडा तिथं मिळत नाही. मिळते ती आपल्याच विचारांकडे पाहण्याची रीत. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं, की प्रसंगाइतकाच त्यावरचा आपला विचार आपल्याला छळतो. साहेबांनी नमस्कार घेतला नाही. ‘घाईत असतील’ म्हटलं तर विषय संपला. ‘मी कुणाच्या खिजगणतीत नाही’ म्हटलं तर रात्रीची झोप गेली. असे विचार पकडून वहीत लिहायचे आणि तपासायचे, हा गृहपाठ मिळतो. तो करावा लागतो.

एका भेटीत गुण येत नाही. आठवड्याला एक याप्रमाणे काही आठवडे, कधी काही महिने जातात. सुरुवातीला दबलेलं वर आल्यामुळे जास्तच जड वाटू शकतं. तीनचार भेटींनंतरही सूर जुळला नाही, तर तसं स्पष्ट सांगावं, हवं तर दुसरा समुपदेशक पाहावा. औषध चालू असेल तर ते आपल्या मनानं बंद करू नये.

‘तुम्ही कवी मंडळी लिहून मोकळी होता, तुम्हाला याची काय गरज?’ असं मला विचारतात. लिहिल्यानं थोडं हलकं वाटतं, खरं आहे. पण कविता आम्ही घासूनपुसून, ऐकणाऱ्यावर नजर ठेवून लिहितो. समुपदेशकासमोर वाहवा मिळवायची नसते. तिथं वाक्य अर्धवट राहिलं तरी चालतं, मराठीत सुरू होऊन दखनीत संपलं तरी चालतं. रडू आलं तर तेही बोलणंच. म्हणून ज्या भाषेत आपण भांडतो, रडतो, ती समजणारा माणूस निवडावा.

आणि श्रद्धेचं काय? मनाचा आजार घेऊन लोक दर्ग्यात जातात, देवळात जातात. त्यांना हसू नये. पण तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या आश्रयगृहात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळदंडानं बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून गेले, हेही विसरू नये. दुआ मागावी, नवस बोलावा, पण त्यासाठी उपचार थांबवू नयेत.

जवळ कुणी नसेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक लिहून ठेवा. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ रोजी ही सेवा सुरू केली. चोवीस तास, विनामूल्य, आणि मराठीतही बोलता येतं. काय बोलावं ते सुचत नसेल, तर तेवढंच सांगा, ‘काय बोलावं ते सुचत नाही.’ पुढचं विचारून घेणं हे त्यांचं काम आहे.