अंगणातली फांदी, शेजाऱ्याची वाट

वऱ्हाडात उन्हाळा सरता सरता एक तरी संध्याकाळ अशी येते. दिवसभर ऊन तापते, मग एकाएकी धुळीचा लोट उठतो आणि बघता बघता वादळ सुटते. टिनपत्रे वाजू लागतात, वीज जाते. अर्ध्या तासात सगळे शांत. बाहेर येऊन पाहावे तर अंगण फांद्यांनी भरलेले.

मूर्तिजापुरात आमच्या घरीही एका वर्षी असेच झाले. कडूनिंबाची मोठी फांदी मोडून पडली. मुलांनी उत्साहाने अंगण साफ केले. फांद्या भिंतीपलीकडे टाकल्या, पालापाचोळा झाडून नालीत लोटला. मगरिबच्या आत अंगण लख्ख झाले. रात्री पाऊस आला. नाली तुंबली आणि पाणी शेजारच्या खालांच्या घरात शिरले. सकाळी खाला दारात आल्या. त्या भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “बेटा, तुमचं अंगण साफ झालं, पण माझा गहू भिजला.” अम्मीला काय बोलावे ते सुचेना.

ही चूक आमच्याच घरची नाही. कचरा नजरेआड झाला की आपण सफाई झाली असे समजतो. खरे तर तो फक्त दुसऱ्याच्या वाटेत गेलेला असतो.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत एका माणसाची हकीकत आहे. वाटेने जाताना त्याला एक काटेरी फांदी आडवी दिसली. त्याने ती बाजूला केली. अल्लाहने त्याचे हे छोटेसे काम कबूल केले आणि त्याला माफ केले. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, असेही प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. फांदी उचलणाऱ्याला एवढा मोबदला असेल, तर ती वाटेत टाकणाऱ्याने काय विचार करावा?

आपल्या मातीलाही ही शिकवण नवी नाही. संत गाडगेबाबांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे या गावी गेले. पुढे ते ज्या गावात जात, तिथे आधी हातात झाडू घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत.

वादळातल्या झाडाचा प्रश्न केवळ स्वच्छतेचा नाही, जिवाचाही आहे. आपल्याच अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यातल्या पारस येथे 9 एप्रिल 2023 रोजी संध्याकाळी वादळ झाले. बाबूजी महाराज मंदिराच्या आवारातले जुने मोठे कडूनिंबाचे झाड टिनशेडवर कोसळले. पावसापासून बचाव म्हणून त्या शेडखाली थांबलेल्या सात जणांचा जीव गेला. वादळात टिनाचा आडोसा झाडाचे ओझे पेलू शकत नाही, हे त्या संध्याकाळी सगळ्या जिल्ह्याने पाहिले.

म्हणून काम वादळाआधी सुरू व्हावे. अंगणातल्या, मशिदीच्या, मदरशाच्या आणि कब्रस्तानच्या आवारातल्या झाडांकडे उन्हाळ्यात एकदा नीट पाहावे. बुंध्याशी अळंबी उगवली आहे का? खोड ठोकल्यावर पोकळ वाजते का? झाड अलीकडे एका बाजूला कलले आहे का? मुळांजवळ खोदकाम झाले आहे का? वाळलेल्या आणि घरावर झुकलेल्या फांद्या जाणत्या माणसाकडून छाटून घ्याव्यात. शहरी भागात झाड तोडायला 1975 च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. म्हणून मोठ्या छाटणीआधीही नगर परिषदेत विचारून घ्यावे.

जड फांदी एका घावात वरून तोडली तर ती पडताना खोडाची साल सोलून नेते. आधी थोडे अंतर ठेवून खालून चीर द्यावी, मग तिच्या जरा पुढे वरून कापावे. ओझे उतरले की राहिलेला खुंट खोडाजवळ, पण खोडाला न दुखावता काढावा.

वादळ झाल्यावर लगेच कुऱ्हाड हाती घेऊ नये. आधी तारा पाहाव्यात. फांदी तारेवर असेल किंवा तार खाली पडली असेल, तर मुलांना व जनावरांना दूर ठेवावे आणि महावितरणला 1912 या क्रमांकावर कळवावे. वीज गेलेली दिसली तरी तार मेलेली आहे असे धरू नये.

मग फांद्या वेगळ्या कराव्यात. कडूनिंब, बोर, बाभूळ यांचा ताजा पाला बकऱ्या आवडीने खातात. अलीकडे बकरी ईद याच दिवसांत येते आणि अनेक अंगणांत बकऱ्या बांधलेल्या असतात. मात्र ढिगात कुजलेला, बुरशी आलेला पाला त्यांना घालू नये. जाड लाकूड तोडून वाळवले की सरपण होते. चूल पेटवणाऱ्या घराला ते द्यावे. काटेरी फांद्या वावराच्या कुंपणाला लागतात. उरलेला पाला तीन-चार फूट खड्ड्यात शेणासोबत थर देऊन भरावा, ओलावा ठेवावा, अधूनमधून उलथावा. काही महिन्यांत त्याचे खत होते.

जे उरेल ते जाळू नये. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी कचरा रस्त्यावर, नालीत टाकायला आणि मोकळ्या जागी जाळायला मनाई केली. अंगणातला झाडपाला आपल्याच आवारात वेगळा ठेवून नगर परिषदेच्या सूचनेप्रमाणे द्यायचा असतो. रोजच्या घंटागाडीत मोठ्या फांद्या मावत नाहीत. एकट्या घराला ट्रॅक्टरची ट्रॉली परवडत नाही, पण आठ-दहा घरांनी मिळून बोलावली तर भाडे वाटले जाते. फांद्या हात-दीड हात लांबीच्या तोडून, जुड्या बांधून ठेवल्या तर एकाच फेरीत खूप माल जातो.

त्या सकाळी अम्मीने आम्हा भावंडांना आधी नाली उपसायला लावली. मग खालांचा गहू आमच्या गच्चीवर पसरला, आणि जो खराब झाला तेवढा घरच्या पोत्यातून मोजून दिला. खाला “नको, नको” म्हणत होत्या. अम्मी म्हणाली, “आपा, ही मदत नाही, हा तुमचा हक्क आहे.”

तेव्हापासून वादळ थांबले की आमच्या घरचा झाडू आधी नालीपासून सुरू होतो. अंगणाची पाळी नंतर येते.