उन्हाळी सहल, थीम पार्क आणि पाण्याचं वेळापत्रक



परीक्षा संपत आल्या की मुलांच्या तोंडी एकच विषय असतो, सुट्टीत कुठे जायचं? खोपोलीजवळचं इमॅजिका, गोराईचं वॉटर किंगडम, शिर्डी आणि लोणावळ्याचं वेट एन जॉय ही नावं त्यांना पाढ्यांसारखी पाठ असतात. आपणही तिकिटं, जादा कपडे, खाऊ अशी सगळी तयारी करतो. पाण्याच्या बाबतीत मात्र आपली तयारी एका प्रश्नावर संपते: "बाटली घेतलीस ना?"

तो प्रश्न पुरेसा नाही, हे मी एका सहलीत शिकले. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आम्ही मुलांना एका पार्कमध्ये घेऊन गेलो होतो. दुपारी दीडच्या सुमारास सहावीतली एक मुलगी राइडच्या रांगेतच चक्कर येऊन खाली बसली. तिला सावलीत नेलं, ओल्या रुमालाने चेहरा-मान पुसली, घोट घोट ओआरएस पाजलं. अर्ध्या तासाने ती सावरली. मग मी तिच्या सॅकमधली बाटली काढली, तर ती सकाळी भरलेली तशीच काठोकाठ! "अगं, पाणी का नाही प्यायलीस?" ती हळूच म्हणाली, "बाई, बसमध्ये बाथरूमला लागली असती तर थांबवायला कुणाला सांगणार? म्हणून सकाळपासून प्यायलेच नाही."

चूक तिची नव्हती. आम्ही बाटल्या मोजल्या होत्या, पण बस कुठे थांबणार हे मुलांना सांगितलंच नव्हतं.

शरीर थंड कसं राहतं?

आपल्या घरातला माठ आठवा. माठातून झिरपलेलं पाणी बाहेरच्या बाजूने सुकतं आणि सुकताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. आपलं शरीरही असाच एक माठ आहे. शरीराचं तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवण्यासाठी घाम येतो आणि तो सुकताना त्वचा थंड होते.

एक ग्रॅम पाणी 1 अंशाने तापवायला 1 कॅलरी उष्णता लागते. तेच एक ग्रॅम पाणी त्वचेवरून वाफ होऊन जाताना साधारण 580 कॅलरी घेऊन जातं. (ही विज्ञानाच्या पुस्तकातली कॅलरी आहे, बिस्किटाच्या पुड्यावरची नव्हे.) म्हणूनच घाम हा इतका चांगला कूलर आहे. पण त्याच्या दोन अटी आहेत. घाम तयार व्हायला शरीरात पाणी हवं आणि घाम सुकायला हवा. नुसता टपटप गळून गेलेला घाम पाणी घेऊन जातो, पण गारवा देत नाही.

आता ठिकाणानुसार काय बदलतं ते बघा.

- गोराईसारखं किनाऱ्यावरचं ठिकाण: हवा दमट असल्यामुळे घाम सुकत नाही. कपडे ओलेचिंब होतात, तरी अंग तापलेलंच राहतं. इथे सावली, पंखा आणि विश्रांती यांची गरज जास्त.
- शिर्डी किंवा विदर्भाकडची कोरडी हवा: घाम आल्या आल्या सुकतो, त्यामुळे घाम येतोय हे मुलांना कळतच नाही. "मला घामच आला नाही" म्हणणाऱ्या मुलानेही बरंच पाणी गमावलेलं असतं.

दमट हवेत तापमानाचा आकडा कमी दिसला तरी गाफील राहू नका. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने दहाहून अधिक माणसं दगावली. त्या दिवशी तिथे विदर्भासारखं 45 अंश तापमान नव्हतं. आणखी एक गोष्ट, शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून मार्च-एप्रिलमधला पहिला कडक दिवस जास्त त्रास देतो.

बाटली असूनही मुलं पाणी का पीत नाहीत?

1. स्वच्छतागृहाची भीती. ते लांब असतं, अस्वच्छ असतं किंवा सांगायची लाज वाटते. मोठ्या मुलींमध्ये हे जास्त दिसतं. पाळीचे दिवस असतील तर विचारायलाच नको.
2. रांगेतला नंबर. पाऊण तास उभं राहून जवळ आलेला नंबर कोण सोडेल?
3. तहान उशिरा लागते. तहान लागेपर्यंत शरीरातलं पाणी कमी झालेलंच असतं. खेळात रमलेल्या मुलाला तर ती तहानही जाणवत नाही.
4. "आम्ही तर पाण्यातच आहोत!" वॉटर पार्कमधला हा सगळ्यात मोठा गैरसमज. पाण्यात खेळतानाही घाम येतो, फक्त दिसत नाही.
5. कोमट पाणी. उन्हात तापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी कुणालाच नको असतं. बाटलीला ओला सुती रुमाल गुंडाळा, पुन्हा माठाचीच युक्ती.

मग करायचं काय? वेळापत्रक!

शाळेत आपण तासाची घंटा देतो, तशी सहलीत पाण्याची घंटा द्या.

- निघण्याआधी: घरून एक ग्लास पाणी पिऊनच निघायचं. बस कुठे कुठे थांबणार हे मुलांना आदल्या दिवशीच सांगा. मुलींसोबत शिक्षिका असू द्या आणि "कधीही सांगा, बस थांबेल" हे शब्द स्पष्ट उच्चारा.
- पार्कमध्ये शिरल्यावर: राइडच्या आधी पिण्याच्या पाण्याची जागा, स्वच्छतागृह आणि प्रथमोपचार केंद्र दाखवा. बाहेरचं खाणं-पिणं आत नेऊ देतात का, हे आधी फोन करून विचारून घ्या.
- दर 20 मिनिटांनी: खेळणाऱ्या मोठ्या मुलांना अर्धा ते एक ग्लास, लहानांना चार-पाच मोठे घोट. रांगेत उभं राहायच्या आधी पाणी.
- 12 ते 4: जेवण, विश्रांती, सावलीतले किंवा एसीतले खेळ. उघड्यावरच्या राइड सकाळी किंवा चारनंतर.
- कपडे: सैल, सुती, फिक्या रंगाचे. डोक्यावर टोपी. वॉटर पार्कमध्ये तापलेल्या फरशीवर पाय पोळतात, तिथे चालेल अशी चप्पल ठेवा.
- परतताना: बंद गाडीत किंवा बसमध्ये मुलाला "पाच मिनिटं" म्हणूनही बसवून ठेवू नका.

पाणी पुरेसं जातंय का, हे मुलांना स्वतःला ओळखता येतं. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद पिवळी असेल किंवा चार-पाच तास झालीच नसेल तर पाणी कमी पडतंय.

प्यायला काय द्यावं?

साधं पाणी सगळ्यात उत्तम. पण घामातून मीठही जातं, म्हणून दिवसभरात अधूनमधून ताक, लिंबू सरबत, पन्हं किंवा कोकम सरबत चिमूटभर मीठ घालून द्या. कोल्ड्रिंकमध्ये साखर फार असते. बर्फाचा गोळा कोणत्या पाण्याचा आहे हे कळत नाही, म्हणून तो टाळलेला बरा. ओआरएसचं पाकीट घेताना त्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेला बघा आणि पाकिटावर सांगितलंय तेवढ्याच पाण्यात ते विरघळवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्याचा नव्हे!

ज्या मुलांना सिकलसेल, दमा, हृदयविकार किंवा मधुमेह आहे, त्यांच्या पालकांशी आणि डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. सिकलसेल असलेल्या मुलाला पाणी कमी पडलं तर असह्य वेदना सुरू होऊ शकतात.

त्रास झालाच तर

*थकवा, डोकेदुखी, चक्कर, मळमळ, पायात गोळे:* खेळ लगेच थांबवा. सावली, सैल कपडे, ओलं फडकं, वारा आणि घोट घोट ओआरएस. मूल सावरलं तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात पाठवू नका.

*असंबद्ध बोलणं, तोल जाणं, झटके, बेशुद्धी, अंग भट्टीसारखं तापणं:* हा उष्माघात असू शकतो. 108 ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत वाट न बघता अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत गार कापड ठेवा. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असंही समजू नका.

वर्गात करून बघा

सहलीच्या आधी एक सोपा प्रयोग. मुलांना एका हाताच्या पाठीवर पाण्याचे दोन थेंब पसरायला सांगा आणि दोन्ही हातांवर फुंकर घालायला सांगा. कोणता हात गार लागला? का? मग ओला हात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून बघा, पिशवीत तो गारवा कुठे गेला? पाच मिनिटांत बाष्पीभवनही समजतं आणि दमट हवाही.

त्यानंतर मुलांनाच पाण्याचं वेळापत्रक बनवू द्या आणि प्रत्येक गटात एक 'पाणीप्रमुख' नेमा. आम्ही त्या सहलीनंतर हे सुरू केलं. आता बस निघण्याआधी मी बाटल्या मोजत नाही. बस कुठे थांबणार आहे ते सगळ्यांसमोर दोनदा सांगते. परत येताना बाटल्या रिकाम्या असतात.