स्वस्त मुलुख आणि तुटपुंजे उत्पन्न



संध्याकाळी युनियनच्या कचेरीत बसलो म्हणजे पंचावन्न-अठ्ठावन्न वर्षांचा एखादा कामगार खुर्ची ओढून जवळ बसतो आणि हळूच विचारतो, "भाऊ, पुण्यात आता भागत नाही. लातूरकडे घर आहे. गावी गेलो तर आहे त्या पैशात निभेल का?" हा प्रश्न आमच्यापुढे इतक्या वेळा आला आहे, की आजचे व्याख्यान त्यालाच द्यावे असे वाटले. आम्ही अर्थशास्त्र कॉलेजात शिकलो नाही. पगारपत्रके वाचून जे समजले तेच येथे मांडत आहोत.

आपल्या मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. निजामी राजवटीत येथे हाली सिक्का चाले आणि शेजारच्या इंग्रजी मुलखात, म्हणजे बार्शी-सोलापूरकडे, कलदार रुपया चाले. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब होता. सत्तर रुपये हाली पगाराचा माणूस सरहद्द ओलांडून बार्शीत उतरला, की त्याच्या हाती साठच उरत. म्हणून त्याचा पगार खरोखरच दहा रुपयांनी घटला काय? मुळीच नाही. त्या सत्तरांत नांदेडात किती ज्वारी येते आणि साठांत बार्शीत किती येते, हे पाहिल्यावाचून काहीच सांगता येत नसे. १९४८ साली संस्थान गेले आणि १९५९ साली हाली सिक्काही चलनातून गेला; पण त्याने शिकविलेला धडा कायम आहे. पगाराचा आकडा मोजू नये, त्या आकड्यात येणारी टोपली मोजावी.

कोणी म्हणेल, सरकार महागाईचा निर्देशांक काढतेच, तो पाहावा. येथे बहुतेकांची फसगत होते. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात २०१६ सालच्या किमती १०० धरल्या आहेत, आणि प्रत्येक केंद्राच्या किमती त्याच केंद्राच्या जुन्या किमतींशी ताडल्या जातात. सोलापूरचा आकडा मुंबईच्या आकड्यापेक्षा मोठा निघाला, तर सोलापुरात किमती अधिक वेगाने चढल्या एवढाच त्याचा अर्थ. सोलापूर मुंबईपेक्षा महाग झाले असा नव्हे. तापमापक ताप किती चढला ते सांगतो, माणूस किती उंच आहे ते सांगत नाही.

सरकारची दुसरी मोजपट्टी म्हणजे घरभाडेभत्ता. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारने १ जुलै २०१७ पासून लोकसंख्येप्रमाणे शहरांचे तीन वर्ग पाडून मूळ पगाराच्या २४, १६ आणि ८ टक्के असा भत्ता दिला. पाच लाखांवरचे नांदेड मधल्या वर्गात बसले, लातूर शेवटच्या. म्हणजे वीस हजार मूळ पगारावर, किमान भत्त्याची मर्यादा धरून, नांदेडात ३६०० आणि लातुरात १८०० रुपये. पुढे हे दर वाढले, पण प्रमाण तेच राहिले. आता लातूर पॅटर्नच्या शिकवणीसाठी मुलाला ठेवायला जो बाप लातुरात खोली शोधीत फिरला आहे, त्याला विचारा, की लातूरचे भाडे नांदेडच्या निम्मे असते काय! डोकी मोजून भाडे कळत नाही.

तेव्हा हिशेब ज्याचा त्यानेच मांडावा. आम्ही उदाहरणादाखल एका जोडप्याचा मांडतो. पिंपरीत खोलीभाडे ८०००, स्वयंपाकघर ६०००, वीज-पाणी-गॅस २०००, औषधे २५००, जाणे-येणे १०००, इतर १५००; एकूण २१,०००. आता हेच जोडपे अहमदपूर तालुक्यातल्या आपल्या घरी आले. भाडे नाही, पण डागडुजीचे १००० धरा. स्वयंपाकघर ५०००. वीज-गॅस १७००. औषधे तीच २५००, कारण गोळ्यांच्या पाकिटावरची किंमत गाव पाहून बदलत नाही. जाणे-येणे २२००, कारण मोठा डॉक्टर लातुरात किंवा नांदेडात. इतर खर्च २५००. गावात राहणाऱ्याला भावकीतले लग्न आणि आहेर चुकत नाही. उन्हाळ्यातले विकतचे पाणी वर्षावर वाटून महिना ६००. बेरीज १५,५००. भाडे वाचले आठ हजार, पण पदरात पडले साडेपाच हजार.

आणि दुसरी बाजू मांडायची राहिलीच. पिंपरीत हा गृहस्थ निवृत्तीनंतर रखवालदारी करून दहा हजार मिळवीत होता. गावात ते काम नाही. साडेपाच वाचविण्यासाठी दहा गमावले! ज्याला काम होतच नाही, त्याचा हिशेब निराळा. त्याने गावी जावे हेच बरे. पण खर्च कमी होतो म्हणताना मिळकत किती कमी होते, हेही त्याच कागदावर लिहिले पाहिजे.

येथे आमची एक चूक सांगतो. २०१४ साली एका जुन्या सहकाऱ्याला आम्हीच सांगितले, "खोली विकून टाक, लातुरात बहिणीच्या शेजारी घर घे, व्याजावर आरामात राहशील." त्याने ऐकले. दोनच वर्षांत मांजरा धरण कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या ठिकाणी गर्दी करण्यास लातुरात जमावबंदी झाली, आणि १२ एप्रिलला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. आमचा सहकारी त्या उन्हाळ्यात रात्री घागरी घेऊन रांगेत बसे, आणि व्याजातले पैसे टँकरवाल्याला देई. त्याने आम्हांला कधी बोल लावला नाही. एकदाच म्हणाला, "भाऊ, स्वस्ताई बघितली, पाणी बघायचं राहिलं." ते वाक्य आमच्या मनातून गेलेले नाही.

यापेक्षाही मोठा धोका काळाचा आहे. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत सरासरी वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागतात. सात हजार वेतन आणि पंधरा वर्षे सेवा, तर महिना दीड हजार. ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. २०१४ साली किमान पेन्शन हजार रुपये ठरली. त्या हजारात तेव्हा जे येई ते आज येत नाही. स्वस्त गावी गेल्याने एकदाच उडी मिळते. त्यानंतर तेथेही दर वर्षी चढतात आणि पेन्शन जागच्या जागी राहते.

जगातही हेच दिसते. कितीक अमेरिकन पेन्शनर मेक्सिकोत जाऊन राहतात; डॉलर तेथे लांब पुरतो. परंतु ब्रिटनचा पेन्शनर भारतात, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात राहू लागला, तर त्याची सरकारी पेन्शन आहे तेथेच गोठते. अमेरिकेत राहिला तर दर वर्षी वाढते. देश स्वस्त की महाग, यापेक्षा आपली पेन्शन तेथे वाढते की नाही हा प्रश्न मोठा आहे.

म्हणून निघण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. मे महिन्यात तेथे जाऊन पंधरा दिवस राहावे, दिवाळीत पाहिलेल्या गावावर विसंबू नये. राज्य विमा योजनेत पाच वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नीचे औषधपाणी चालू ठेवता येते. तो दवाखाना नव्या गावापासून किती कोस आहे, ते विचारावे. शिधापत्रिकेचे धान्य आता दुसऱ्या गावच्या दुकानातही उचलता येते, पण अंगठा उमटतो की नाही, ते आधी पाहून घ्यावे. आणि पहिले वर्षभर शहरातले घर विकू नये. परतीची वाट मोडून जाऊ नये.

शेवटी एकच विचार. गाव स्वस्त का असते? तेथली मोलकरीण, गवंडी, भाजीवाली कमी पैशांत राबतात म्हणून. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली परिमंडळे पाडली गेली, ती याच आधारावर, की लहान गावी कमी मजुरी पुरते. मालकही हाच हिशेब करून कारखाना स्वस्त मुलखात हलवितो, आणि तेथल्या मजुराला सांगतो, "तुमच्याकडे कमीत भागते की!" आपण स्वस्ताई शोधीत जेथे जातो, तेथे कोणीतरी त्या स्वस्ताईची किंमत आधीच मोजीत असते. गावी जाणाऱ्याने खुशाल जावे, हिशेब करून जावे. पण महागाईबरोबर वाढणाऱ्या पेन्शनची मागणी मात्र पुण्याच्या खोलीत सोडून येऊ नये. ती गाठोड्यात बांधून बरोबर आणावी. नांदेडात आणि लातुरातही तिला माणसे हवी आहेत.