एका चाकावरचा लांबचा पल्ला

एकचाकी सायकल म्हटली, की सर्कशीतील विदूषक आठवतो. मात्र, एड प्रॅट या इंग्रज तरुणाने २०१५ ते २०१८ या काळात अशाच सायकलवरून सुमारे ३३ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. तिचे चाक ३६ इंचांचे होते.

या आकाराला कारण आहे. साध्या एकचाकीला साखळी नसते; पायडल थेट चाकाच्या आसाशी जोडलेले असते. पायडलच्या एका फेऱ्यात चाकही एकदाच फिरते. वीस इंची चाक त्यात सुमारे १.६ मीटर पुढे जाते, तर ३६ इंची चाक सुमारे २.९ मीटर. त्यामुळेच लांबच्या प्रवासासाठी मोठे चाक निवडले जाते.

डोंगरवाटेवर गणित बदलते. तेथे वेगापेक्षा ताबा महत्त्वाचा. म्हणून २४ ते २९ इंची चाक, जाड टायर आणि लांब क्रँक वापरतात. लांब क्रँकमुळे चढावर जोर मिळतो; आखूड क्रँकवर पाय भरभर फिरतात, पण चाक आवरणे कठीण जाते. उतारावरही पायांना उसंत नसते, कारण चाक फिरते तोवर पायडल फिरतच राहते. पायांवरचा हा भार हलका करण्यासाठी ब्रेक बसवतात.

तोल गेल्यास स्वार सहसा पुढे उडी घेऊन धावत सुटतो. वेग माणसाच्या धावण्यापलीकडे गेला, की हा मार्ग बंद होतो. म्हणूनच हेल्मेट, हातमोजे आणि गुडघ्यांची संरक्षक कवचे यांना पर्याय नाही.