हार्ड डिस्कची वाटणी

इ. स. १९५६ मधील पहिल्या हार्ड डिस्कवर ५० तबकड्या असूनही केवळ ५० लाख अक्षरे मावत. आजच्या २ टेराबाइटच्या डिस्कवर त्याच्या ४ लाख पट मावतात. एवढ्या मोठ्या डिस्कचे भाग आतील माहिती न गमावता कसे पाडावेत?

लावणी झालेल्या शेतात नवा बांध घालावयाचा, तर आपण आधी टोकाची रोपे उपटून अलीकडच्या मोकळ्या जागेत लावतो. संगणकही टोकाची माहिती अलीकडे हलवितो, जुन्या विभागाची सीमा आखडतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवा विभाग पाडतो.

ही हलवाहलव चालू असता वीज गेली, तर माहिती नष्ट होऊ शकते. आम्हां बाजारकुणंगकरांना पावसाळा ठाऊकच आहे! म्हणून प्रथम माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी, ती उघडून पाहावी आणि मगच कामास हात घालावा. विभाग पुन्हा पाडता येतात. आजोबांचे छायाचित्र पुन्हा काढता येत नाही.